कण्हेर कुणी खाल्ली?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कुठे होतं हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही. गोष्ट तेवढी उरली. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर जरा पुढे सरकून ऐका, कारण यातली चूक लहान मुलांनी केलेली नाही.

त्या गावाच्या टेकडीवर देवीचं देऊळ होतं आणि देवळामागे कण्हेरीची बाग होती. लाल कण्हेर. रोज सकाळी एकशे आठ फुलांची माळ देवीच्या गळ्यात पडायची आणि ती याच बागेतल्या फुलांची असावी लागायची. बाहेरचं एक फूल चालत नसे.

बाग राखायचं काम सटवाजी माळ्याच्या घराण्याकडे होतं. आधी आजा, मग बाप आणि आता तो. राहायचं घर, घरामागचा जमिनीचा तुकडा, देवळातला रोजचा शिधा, सगळं त्या माळेवर चालायचं. अट एकच होती. ज्या दिवशी माळ चुकेल, त्या दिवशी माळ्याने आपला विळा देवळाच्या खुंटीला अडकवायचा आणि बागेबाहेर व्हायचं. बागेचा चोर सापडला, तर मात्र माळ्याला माफी होती.

त्या गावाची एक समजूतही होती. देवीच्या बागेत विष नसतं, असं सगळे म्हणायचे. ओढ्याकाठची कण्हेर विषारी, तिने गुरं मरतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बागेतली कण्हेर देवीची. ती कशी मारील? कुणी खाऊन पाहिली होती म्हणता? कुणीच नाही. सटवाजीचा आजा तसं म्हणायचा, म्हणून बाप म्हणायचा, म्हणून सटवाजी म्हणायचा. आणि गंमत बघा, माळ ओवून झाली की तिघेही राखेने हात खसाखसा धुवायचे. का धुतो, हे तिघांपैकी एकानेही स्वतःला विचारलं नाही.

सटवाजी आळशी नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पहाटे उठायचा, झाडांभोवती आळी करायचा, पाणी घालायचा. पण त्याची नजर फुलावर. सकाळी पायवाटेवर उभं राहून तो फुलं मोजायचा. एकशे आठ भरली की त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि मग त्याला झाडाशी काही देणंघेणं उरायचं नाही. पान कसं आहे, पानाखाली काय आहे, हे पाहायला तो कधी वाकला नाही. फुलं मिळत होती ना, मग कशाला वाकायचं?

पावसाळा सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी कुंपणाकडच्या कण्हेरीचे शेंडे उघडेबोडके दिसले. कोवळी पानं गेली होती, कळ्याही गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारचं झाड तसंच झालं. पाचव्या दिवशी सहा झाडं काड्या होऊन उभी होती. सटवाजीने फुलं मोजली. एकशे चौदा भरली. त्याच्या आदल्या आठवड्यात तीनशेच्या वर होती.

नऊ दिवसांवर देवीचा उत्सव आला होता. उत्सवाच्या शुक्रवारी माळ चुकली, तर साऱ्या पंचक्रोशीसमोर विळा खुंटीला लागणार. सटवाजीची बायको मागेच वारली होती, लेकरं झाली नव्हती. बाग गेली तर त्याला जगात उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

तो घाबऱ्याघाबऱ्या झाडाखाली शोधू लागला. तिथे त्याला काळपट दाणे दिसले. मिऱ्यांपेक्षा मोठे, टणक, जमिनीवर विखुरलेले. त्याने एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि त्याला एकदम हायसं वाटलं.

"लेंड्या," तो म्हणाला. "शेळीच्या लेंड्या."

चोर सापडला की माणसाला किती बरं वाटतं, बघा. मग तो चोर खरा आहे का, हे विचारायची घाई कुणालाच नसते.

बागेच्या कुंपणाला लागून धुरपदा नावाच्या म्हातारीची झोपडी होती. तिच्या दारात एक शेळी बांधलेली असायची. पांढरी, कपाळावर करडा ठिपका, नाव कवडी. धुरपदाची एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळंतपणातच गेली. मागे तान्ही नात राहिली, ती आता तीन महिन्यांची होती. जावई तोंड दाखवायला आला नाही. गावात तेव्हा दुसरी कुणी ओली बाळंतीण नव्हती. म्हणून म्हातारी कवडीचं दूध काढायची, त्यात थोडं पाणी घालायची आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब नातीला पाजायची. त्या एका शेळीवर ते लेकरू जगत होतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. सटवाजीलाही.

तो ओंजळभर दाणे घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"धुरपदाकाकू, तुझी शेळी देवीची बाग खाते."

म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं. "माझी शेळी दाव्याला असते बाबा. सोडते ती मी स्वतः, आणि ओढ्याकडे नेते."

"मग या काय आहेत?"

तिने हात पुढे केला. एक दाणा घेतला, डोळ्यांजवळ नेला, नखाने फोडला. बराच वेळ ती पाहत राहिली. मग उठून कवडीच्या पायाजवळची एक लेंडी उचलून आणली आणि दोन्ही त्याच्यासमोर धरल्या.

"नीट बघ सटवाजी. माझ्या शेळीची लेंडी गुळगुळीत आहे. तू आणलीस तिच्यावर खाचा आहेत, उभ्या, भेंडीला असतात तशा. आणि आत नुसता पाल्याचा चुरा. शेळी रवंथ करते, तिच्या पोटात पाला असा राहत नाही. हे दुसऱ्याच कुणाचं आहे."

"दुसऱ्या कुणाचं?"

"ते मला ठाऊक नाही. तू बघ ना झाडावर. चल, मी येते."

ती खरोखर आली. नातीला पदरात बांधून, कुंपणाच्या फटीतून वाकून आली. एक डहाळी तिने हातात धरली. "हे बघ. शेळी पाला ओरबाडते, डहाळी मोडते. इथे डहाळी शाबूत आहे. पान कडेकडेने कातरलंय आणि मधली शीर तेवढी ठेवलीय. एवढं सावकाश शेळी खाईल का? हे बारक्या तोंडाचं काम आहे. वर कुठेतरी बसलं असेल. पानं उलटून पाहू या."

आता सांगा, किती वेळ लागला असता? चार पानं उलटायची होती. पण सटवाजीच्या मनात उत्सवाचा शुक्रवार बसला होता. चोर शेळी असेल, तर तो वाचत होता. चोर कुणी बारक्या तोंडाचा निघाला, तर लोक म्हणणार होते की माळ्याचंच लक्ष नव्हतं. त्याने डहाळी तिच्या हातातून सोडवली.

"काकू, मला शिकवू नको. तीन पिढ्या आम्ही बाग राखतोय."

आणि तो चावडीवर गेला.

चावडीवर पाटील बसले होते. त्यांनी दाणे पाहिले, लांबूनच पाहिले. "लेंड्याच दिसतात," ते म्हणाले. जवळ बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. धुरपदा हात जोडून म्हणाली, "पाटील, शेळीने कण्हेर खाल्ली असती तर ती मेली असती. पाच दिवस जगली असती का?"

"ती ओढ्याकाठची कण्हेर," पाटील म्हणाले. "देवीच्या बागेत विष नसतं."

त्यापुढे बोलायला जागाच नव्हती.

त्या गावात जनावराचा न्याय करायची एक रीत होती. जे खाल्ल्याचा आळ असेल, त्यालाच जनावर बांधायचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी नाही, वैरण नाही. जनावराने समोरचं खाल्लं, तर ते चोर. नाही खाल्लं, तर आळ घेणारा खोटा. मग त्याने आपला विळा खाली ठेवायचा. लोकांना या रीतीचा मोठा अभिमान होता. जनावर खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. भुकेलं जनावर खरंही सांगत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सकाळी कवडीला बागेत आणून कण्हेरीला बांधलं. न्याय होईपर्यंत तिचं दूधही काढायचं नाही, असं ठरलं. कुंपणापलीकडे धुरपदा नातीला तांदळाची पेज चाटवत बसली.

दुपार झाली. कवडीने कण्हेरीला तोंड लावलं नाही. तिने दोनदा वास घेतला आणि मान फिरवली. कास भरून ताठ झाली होती, ती सारखी ओरडत होती आणि पलीकडून लेकराचं रडणं ऐकू येत होतं. उन्हं कलायला लागली तशी बघायला जमलेली माणसं आपापसांत कुजबुजू लागली. कुणीतरी म्हणालं, "ही नाही खायची. माळ्याचा विळा आज जातो बघ."

सटवाजीने ते ऐकलं. आणि इथे, मंडळी, त्याने जे केलं ते त्याच्या आजाने केलं नसतं, बापाने केलं नसतं. तो घरात गेला. मडक्यातलं मूठभर मीठ त्याने तांब्यातल्या पाण्यात कालवलं आणि झाडाला पाणी घालण्याचं निमित्त करून ते कवडीसमोरच्या डहाळीवर शिंपडलं. शेळीच खाते, हे तर त्याला ठाऊकच होतं. मग जे खरंच आहे ते लोकांना दिसावं म्हणून थोडी मदत केली, त्यात वाईट काय? स्वतःला त्याने असंच सांगितलं. माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा बिचकतो तरी, स्वतःला फसवताना तेवढंही करत नाही.

मिठाला शेळी भुलते. कवडीने आधी पान चाटलं. मग चावलं. मग ती अख्खी डहाळी तिने संपवली.

"खाल्ली," लोक म्हणाले.

पाटलांनी निकाल दिला. शेळी चोर. धुरपदा एकवीस दिवस वाळीत. तिला विहीर बंद, विस्तव बंद, कुणाच्या घरून काही देणंघेणं बंद. देवीची चोरी होती, म्हणून दया दाखवायची सोय नव्हती.

धुरपदा कवडीला घेऊन घरी गेली. दिवेलागणीच्या आधीच शेळीच्या तोंडाला फेस आला. पाय लटपटले. ती दाराशी बसली, मग आडवी झाली, आणि म्हातारी तिच्या मानेवरून हात फिरवत असतानाच तिने प्राण सोडला.

शेळीचा ओरडा ऐकून लोक जमले होते. धुरपदा त्यांच्याकडे वळली. ती रडत नव्हती. "एक डहाळी खाल्ली आणि घटकाभरात मेली," ती म्हणाली. "मग सहा झाडं खाऊन ती इतके दिवस जगली कशी? कुणीतरी सांगा मला."

प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ होतं. पण ते उत्तर दिलं असतं, तर सगळ्यांनाच खाली बघावं लागलं असतं. शेवटी पाटील म्हणाले, "देवीचा कोप झाला. चोरी उघडी पडली आणि देवीने शिक्षा दिली." लोकांना ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणा. सगळे घरोघरी गेले.

सटवाजी मात्र त्या संध्याकाळी बागेतून आल्यावर राखेने हात धुताना मध्येच थांबला. हातांकडे पाहत राहिला. मग त्याने घाईघाईने हात धुऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी, उत्सवाच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी त्याने फुलं मोजली. एकशे बारा. शेळी मेली होती, आता तरी पाला वाढायला हवा होता. शनिवारी सातव्या झाडाचे शेंडे गेले. रविवारी आठव्या झाडाचे. झाडाखाली काळपट दाणे पडलेलेच होते, ताजे, खाचा असलेले.

सोमवारी सकाळी सटवाजी पहिल्यांदा बागेत खाली बसला. मांडी घालून, जमिनीवर, आठव्या झाडाखाली. बराच वेळ गेला. वारा पडला, तेव्हा डोक्यावर कुठेतरी बारीक करकर ऐकू आली. कुणी सावकाश काहीतरी कुरतडत होतं. त्याने वर पाहिलं तर पानंच पानं. त्याने हात वर केला आणि एक पान उलटलं.

पानाच्या देठाला एक अळी चिकटली होती. त्याच्या मधल्या बोटाएवढी लांब आणि जवळजवळ अंगठ्याएवढी जाड. कण्हेरीच्या पानासारखीच हिरवी, अंगाच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांची रांग, शेपटीकडे पिवळसर आखूड शिंग. त्याच्या हाताचा धक्का लागताच तिने डोकं आत ओढलं आणि मानेवर दोन मोठे निळे डोळे उघडले. सटवाजी दचकून मागे पडला. मग तो परत जवळ गेला. अळी पुन्हा खाऊ लागली होती. पानाच्या कडेने, वरून खाली, वरून खाली, शीर सोडून. थोड्या वेळाने तिच्या मागून एक काळपट दाणा सुटला आणि टपकन त्याच्या गुडघ्यावर पडला. त्यावर उभ्या खाचा होत्या.

सटवाजी तसाच बसून राहिला. म्हातारीने सांगितलेला शब्द न् शब्द त्याला आठवला.

मग तो उठला आणि एकेक पान उलटत गेला. एकदा काय शोधायचं ते कळलं की ते जिथे तिथे दिसतं. दिवस मावळेपर्यंत त्याने एकोणचाळीस अळ्या वेचल्या. अडतीस त्याने खड्डा करून पुरल्या. एक मात्र त्याने पाल्यासकट टोपलीत ठेवली आणि वर फडकं बांधलं. का ठेवली? पुरावा म्हणून. म्हणजे सांगायचं त्याच्या मनात होतं. ते मी नाकारत नाही.

पण सांगायचं कधी? त्याने विचार केला. आज सांगितलं तर उत्सवाला चार दिवस असताना विळा जाणार. शिवाय मिठाचं पाणी. ते कळलं तर विळ्यावर भागणार नाही. उत्सव होऊ दे, माळ पडू दे, मग शनिवारी सगळं सांगून टाकू. चार दिवसांनी असा काय फरक पडतो?

मंगळवारी त्याने तांब्याभर शेळीचं दूध कुठूनसं मिळवलं आणि धुरपदाच्या झोपडीकडे निघाला. विहिरीवर बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "कुणीकडे माळीबुवा?" सटवाजी म्हणाला, "देवळात." आणि खरंच देवळात जाऊन दूध देवीपुढे ठेवून आला.

बुधवारी त्याला धुरपदा दिसली. ती दुसऱ्या गावाहून परत येत होती. ते गाव नदीपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिच्या हातात मडकं होतं. उन्हाने दूध नासलं होतं, ती वाटेतच ते ओतत होती. पदरातलं लेकरू रडत नव्हतं. सटवाजी झाडाआड झाला.

गुरुवारी बागेत कळ्या फुटल्या. अळ्या गेल्या होत्या, झाडं तरारली होती. लोक म्हणाले, "पाहिलंत? शेळी गेली आणि बाग सावरली." सटवाजीने मान खाली घातली. ती त्यांना नम्रता वाटली.

शुक्रवारी उत्सव झाला. माळ वेळेवर पडली, एकशे आठ फुलांची, एकही कमी नाही. पाटलांनी सटवाजीच्या खांद्यावर शेला घातला.

शनिवारी सकाळी तो टोपली आणि दुधाचा तांब्या घेऊन धुरपदाच्या दारात गेला. या खेपेला कुणी पाहतंय का, हे त्याने पाहिलं नाही.

म्हातारी दारातच बसली होती. मांडी तशीच घातलेली, हात तसेच मांडीवर. मांडीवर कुणी नव्हतं. झोपडीमागे, परसात, ताजी माती ओढलेली दिसत होती.

सटवाजीने ती माती पाहिली. त्याने तांब्या खाली ठेवला, टोपलीवरचं फडकं सोडलं. "काकू," तो म्हणाला, "शेळी नव्हती. ही होती."

धुरपदाने टोपली जवळ ओढली. तिने अळीकडे पाहिलं. घाई न करता, पहिल्या दिवशी दाणा पाहिला होता तसंच पाहिलं. अळीने डोकं आत घेऊन निळे डोळे दाखवले. म्हातारी दचकली नाही.

"हे डोळे नव्हेत," ती म्हणाली. "नुसते ठिपके आहेत. पाखरांनी भ्यावं म्हणून. खरे डोळे ते बघ, खाली तोंडाशी, बारके. आणि शिंग मऊ आहे. बिचारीला टोचताही येत नसेल." तिने बोट पुढे केलं, अळी त्यावर चढली नाही, पानालाच धरून राहिली. "विषाचं झाड खाऊन जगते. हिला ते पचतं. माझ्या कवडीला पचलं नाही."

"मी पानांवर मीठ शिंपडलं होतं," सटवाजी म्हणाला. "म्हणून तिने खाल्लं."

म्हातारीने फडकं परत टोपलीवर ओढलं.

"ही तुला कधी सापडली?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी तिला रडायची ताकद होती," धुरपदा म्हणाली.

शिव्या नाहीत, शाप नाही. तिने शाप दिला असता, तर सटवाजीला बरं वाटलं असतं.

तो तिथून चावडीवर गेला आणि सगळं सांगितलं. अळी, दाणे, मीठ, सोमवार, सगळं. पाटलांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि फडकं परत टाकलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सटवाजी, झालं ते झालं. आता हे चारचौघांत बोलून काय मिळणार आहे? गावाची अब्रू आहे. म्हातारीला देवळाच्या कळपातल्या दोन शेळ्या देऊ. चांगल्या दुभत्या."

दोन शेळ्या धुरपदाच्या दारात नेऊन बांधल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना पाणी पाजलं, पाला घातला. शेळ्यांवर तिचा काय राग? मग शेळ्या घेऊन आलेल्या माणसाला तिने विचारलं, "यांचं दूध मी पाजू कुणाला?" त्याने घरी जाऊन ही गोष्ट बायकोला सांगितली आणि तशी ती गावभर झाली. पाटलांना अब्रू झाकता आली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवशी झोपडीचं दार उघडं होतं. दोन्ही शेळ्या दाव्याला होत्या. म्हातारी कुठे गेली, ते कुणाला कधी कळलं नाही.

सटवाजीने आपला विळा आपल्या हाताने खुंटीला अडकवला. कुणी सांगितलं नव्हतं. खांद्यावरचा शेलाही तिथेच ठेवला.

टोपलीतली अळी मात्र त्याने टाकली नाही. गावाबाहेर एका पडक्या खोपटात तो राहू लागला, तिला रोज ओढ्याकाठच्या कण्हेरीची पानं घालू लागला. थोड्या दिवसांनी ती तपकिरी झाली, खाणं सोडलं, वाळक्या पाल्यात शिरली आणि कोशात गेली. दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी कोश फुटला. आतून तळहाताएवढा पतंग निघाला, हिरव्या रंगाच्या नाना छटांचा, मध्ये गुलाबी पट्टा. त्याने पंख वाळवले, उडाला आणि कण्हेरीच्या फुलांपुढे हवेतच थांबून मध पिऊ लागला. सटवाजीने हे पाखरू बागेत तिन्हीसांजेला कित्येकदा पाहिलं होतं. शुभ म्हणून हात जोडले होते. ते कुठून येतं, लहानपणी काय खातं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर कुणाचं काही गेलं नसतं. त्याला पतंग सुंदर दिसला नाही. त्याला त्याच्या जागी मांडीवर लेकरू घेतलेली म्हातारी दिसत राहिली.

पुढच्या वर्षी पावसाळा सरताना नव्या माळ्याची झाडं उघडी पडू लागली. गावात चौकशी सुरू झाली, कुणाची शेळी, कुणाचं वासरू. एकाने दावंही शोधून आणलं. तेव्हा सटवाजी गावात आला, आणि पाटलांसकट सगळ्यांना त्याने बागेत नेऊन जमिनीवर बसवलं. कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. मग त्याने हात वर करून एक पान उलटलं. लोकांनी अळी पाहिली. त्या दिवसापासून गावात जनावराला बांधून न्याय करायची रीत बंद झाली. पण परसातल्या त्या लहानशा मातीवर तोवर गवत उगवलं होतं, आणि त्या तान्हीचं बारसंही झालेलं नसल्याने तिला कोणत्या नावाने हाक मारून माफी मागावी, हे सटवाजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्यावर आळ घेण्याआधी आपण आपल्या बागेतलं पान उलटून पाहावं, आणि खरं कळलं की ते त्याच दिवशी सांगावं.